बाल्डर्स गेट ३: चौघांत कोणाला घ्यायचं, कोणाला कॅम्पवर ठेवायचं

बाल्डर्स गेट ३ हा संगणकावरचा गेम: फासे टाकून लढायचं, सोबती बरेच मिळतात, पण एका वेळी तुम्ही धरून चौघेच हिंडतात आणि बाकीचे तुमच्या तळावर, म्हणजे कॅम्पवर, राहतात. प्रश्न थोडक्यात असा आहे: "पहिल्यांदाच खेळतोय. माझं पात्र पॅलाडिन (धर्मयोद्धा), सोबत लेझेल (योद्धा), कार्लाक (बार्बेरियन, म्हणजे संतापून लढणारी) आणि शॅडोहार्ट (क्लेरिक, म्हणजे पुजारीण). चौथी लेव्हल. गॉब्लिन टोळीच्या कॅम्पमध्ये त्यांचा म्होरक्या ड्रोर रॅग्झलिन याच्या दालनात दर वेळी मार खातोय. मित्र म्हणतात, जादूगार आणि चोर नसेल तर ती पार्टीच नव्हे, जादूगार गेल आणि चोर ॲस्टारियनला घे. पण कार्लाकला सोडवत नाही. खरंच बदल करावा लागेल का? आणि ज्यांना कॅम्पवर बसवतो ते मागे पडतात का?"

कार्लाकला सोडू नका. बदलायची तर एकच जागा बदला, तीही या दालनापुरती. त्या जागी तुमच्या मित्रांनी सुचवलेल्या दोघांपैकी कोणी नको, वॉरलॉक (करारातून जादू मिळवलेला) विल हवा. लेझेलला चार दिवस कॅम्पवर विश्रांती द्या. आता कारणं सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक अवघड लढाईत हाच हिशेब परत करावा लागणार आहे.

योद्धा, पुजारी, जादूगार आणि चोर ही चौकट टेबलावरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधून आली आहे. १९७४ साली तो खेळ निघाला तेव्हा त्यात चोर नव्हताच, तीनच क्लास (पात्रांचे प्रकार) होते. चोर आला पुढच्या वर्षीच्या पुरवणीत. पुढे संगणकावरच्या गेम्सनी ही चौकट उचलली आणि काहींनी ती खेळाडूच्या गळ्यातच मारली. २००९ च्या ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये कुलूपबंद पेटी उघडायची तर चोर-क्लासचंच कोणीतरी लागायचं. तुम्ही स्वतः चोर नसाल तर लेलियाना किंवा झेव्हरान यांच्यापैकी एकाला जन्मभर सोबत वागवा, नाहीतर पेट्यांकडे नुसतं बघत पुढे जा. ज्यांचं या गेम्सशी नातं तिथे जुळलं ते आजही "चोर हवाच" म्हणतात. त्यांचं चुकत नाही, फक्त ते वेगळ्या गेमबद्दल बोलताहेत.

इथे कुलपाचं काय? कुलूप उघडायचं साहित्य ज्याच्या पिशवीत असेल तो कोणीही प्रयत्न करू शकतो. डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) आकडा लागतो, स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी) येत असेल तर भर पडते. त्यावर शॅडोहार्टने गायडन्स हा मदतीचा मंत्र टाकला की चार बाजूंच्या फाशाचा आकडा वरून मिळतो. पॅलाडिनने जड चिलखत घातलं तरी कुलपाला त्याचं सोयरसुतक नाही, त्याला फक्त त्याची डेक्स्टेरिटी दिसते आणि ती बहुधा दयनीय असते. तरी बऱ्याच पेट्या कार्लाकच्या कुऱ्हाडीने फुटतात. आणि अगदीच नाही जमलं तर कॅम्पवर जा, ॲस्टारियनला घेऊन या, कुलूप उघडून घ्या आणि त्याला परत पाठवा. लढाई चालू नसताना अशी अदलाबदल केव्हाही करता येते, त्याला पैसा पडत नाही. एवढ्यासाठी चारांतली एक जागा कायमची अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

"संतुलित" म्हणजे सगळ्या जातीचं एकेक, हेही खरं नाही. याच लॅरियन कंपनीचा आधीचा गेम, २०१७ चा डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २, घ्या. तिथे प्रत्येकाला दोन कवचं असायची, एक शारीरिक माराविरुद्ध, एक जादूविरुद्ध. शत्रूला पाडायचं किंवा गोठवायचं तर आधी त्या त्या प्रकारचं कवच उतरवावं लागे. दोन तलवारवाले आणि दोन जादूगार अशी सुबक पार्टी केली की दोघे एक कवच कुरतडत बसायचे आणि दोघे दुसरं, आणि शत्रू मजेत उभा. चौघेही शारीरिक मार करणारे घेतले की काम दुप्पट वेगाने व्हायचं. म्हणजे तिथे कागदावर बेढब दिसणारी पार्टी जास्त चांगली. संतुलन त्या त्या गेमच्या नियमांवर ठरतं, क्लासच्या नावांवर नाही.

बाल्डर्स गेट ३ मध्ये मी चौघांकडे बघून आधी हे तपासतो: पहिल्या फेरीत किती जणांचा वार प्रत्यक्ष शत्रूपर्यंत पोचतो? कॉन्सन्ट्रेशन (सतत एकाग्रता) लागणारी स्पेल्स किती जण धरून ठेवू शकतात, कारण एका वेळी एका माणसाला एकच धरता येते? शॉर्ट रेस्टवर (थोड्या विश्रांतीवर) कोणाची ताकद परत येते आणि लाँग रेस्टची (रात्रभराच्या झोपेची) वाट कोणाला बघावी लागते? आणि कोणी आडवा पडला तर त्याला लांबून कोण उठवणार? ही उत्तरं समाधानकारक असतील तर चौघेही बार्ड (गाणारे-वाजवणारे) असले तरी माझी हरकत नाही.

तुमची पार्टी यात कुठे अडकते ते बघू. तिघे हातघाईचे. एका टर्नमध्ये (पाळीत) एक मुख्य ॲक्शन, एक छोटी बोनस ॲक्शन आणि साधारण नऊ मीटर चालणं; उडी मारली की बोनस ॲक्शन खर्च. रॅग्झलिनच्या दालनात शत्रू पसरलेले असतात आणि त्यातले काही लांबून बाण सोडतात. पहिल्या फेरीत तुमचे तीन योद्धे पळण्यात टर्न घालवतात आणि शत्रूचा प्रत्येक जण काही ना काही करून घेतो. चौथ्या लेव्हलला प्रत्येकाला एकच वार, तो चुकला की टर्न गेली. म्हणून तुम्हाला वाटतं की आपण कमकुवत आहोत. तसं नाही, तुमच्या चार ॲक्शन्सपैकी दोनच कामी लागताहेत.

आता शॅडोहार्ट. ती नेम चुकवते म्हणून जगभर तिची टिंगल होते, पण त्यात तिचा दोष थोडा आहे. तिच्याकडचा फायर बोल्ट तिला एल्फ रक्तामुळे मिळालेला, आणि तो इंटेलिजन्सवर चालतो. तिचा इंटेलिजन्स १०, विस्डम १७. म्हणजे ज्या गोष्टीत ती हुशार आहे तिचा त्या स्पेलला काही उपयोगच नाही. दुसरा सेक्रेड फ्लेम, तो शत्रूने डेक्स्टेरिटीच्या जोरावर चुकवायचा असतो, आणि गॉब्लिन ही जातच मुळात चपळ. तेव्हा या कॅम्पमध्ये तिने वार करूच नये. पहिल्या टर्नला तिघांवर ब्लेस, म्हणजे आशीर्वादाचा मंत्र. प्रत्येक वारात आणि प्रत्येक सेव्हिंग थ्रोमध्ये (संकट चुकवायच्या फाशात) चार बाजूंचा एक फासा जादा, सरासरी अडीच. वीस बाजूंच्या फाशावर अडीच म्हणजे सुमारे साडेबारा टक्के जास्त वार लागणार, तिघांचेही, लढाई संपेपर्यंत. फक्त तिचं कॉन्सन्ट्रेशन त्यात अडकलं हे लक्षात ठेवा. मग तिने ड्युप्लिसिटीचा तोतया (स्वतःची जादुई नक्कल) उभा केला की ब्लेस गेला, कारण त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. गेम हे फार मोठ्याने सांगत नाही.

आणि हीलिंग. नवे खेळाडू कोणाचं रक्त अर्ध्यावर आलं की क्लेरिकची अख्खी ॲक्शन त्यावर घालवतात. या गेममध्ये गॉब्लिन एका फेरीत जेवढं नुकसान करतात तेवढं या लेव्हलला भरून काढताच येत नाही. जखमी माणूस पूर्ण ताकदीने वार करतो, पडलेला करत नाही, तेव्हा पडेपर्यंत थांबा. पडला की हीलिंग वर्ड: बोनस ॲक्शन, अठरा मीटरवरून. तिची मुख्य ॲक्शन मोकळीच राहते. औषधाची बाटली पिणं हेही बोनस ॲक्शनच आहे, आणि ती बाटली दोघे-तिघे उभे असतील तिथे जमिनीवर फेकली तर सगळ्यांनाच लागू पडते. तुमच्या पॅलाडिनच्या हातातही ले ऑन हँड्स आहे. तेव्हा "हीलर कमी पडतोय का" ही चिंता सोडा.

आता विल. लोक त्याला कॅम्पवर धूळ खात ठेवतात, कारण त्याच्या गोष्टीला सुरुवातीला ॲस्टारियनसारखा झणझणीतपणा नाही. पण तुमच्या या पार्टीत नेमकं जे नाही ते त्याच्याकडे आहे. एल्ड्रिच ब्लास्ट लांबून लागतो, रोज लागतो, त्याला स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) लागत नाही. दुसऱ्या लेव्हलला त्यात करिष्म्याची भर घालणारा ॲगनायझिंग ब्लास्ट आणि शत्रूला मागे ढकलणारा रिपेलिंग ब्लास्ट हे दोन्ही घ्या. कठड्यावर उभ्या असलेल्या गॉब्लिनला साडेचार मीटर मागे ढकललं की उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. शिवाय वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टवर परत येतात. चौथ्या लेव्हलला त्याच्याकडे दुसऱ्या पातळीचे दोन, आणि दिवसात दोन शॉर्ट रेस्ट धरल्या तर सहा. तुमच्या पॅलाडिनकडे पहिल्या पातळीचे तीन, आणि ते फक्त लाँग रेस्टवर परत येतात. तुम्ही बहुतेक गॉब्लिन कॅम्पच्या दारातल्या लढाईतच ते तीन स्माइटमध्ये (स्लॉट जाळून वाढवलेल्या वारात) उडवून मोकळे होता आणि रॅग्झलिनसमोर रिकाम्या हाताने उभे राहता.

दालनातली एक फेरी नीट मांडून दाखवतो. विलने रॅग्झलिनवर होल्ड पर्सन टाकायचा. तो हॉबगॉब्लिन आहे, म्हणजे गेमच्या लेखी ह्युमनॉइड (माणसासारखा), तेव्हा लागू पडतो. त्याने विस्डमचा फासा टाकून चुकवला नाही तर तो जागच्या जागी थिजतो, आणि थिजलेल्या माणसाला जवळून लागलेला प्रत्येक वार आपोआप क्रिटिकल (दुप्पट फाशांचा) होतो. आता तुमचा पॅलाडिन. दोन हातांची मोठी तलवार असेल तर एरवी सहा बाजूंचे दोन फासे, क्रिटिकलला चार. त्यावर स्माइट, एरवी आठ बाजूंचे दोन, इथे चार. सरासरी काढा: चौदा आणि अठरा, वर ताकदीचे तीन. एका वारात पस्तीस. त्यानंतर कार्लाक. दर फेरीला रॅग्झलिनला सुटकेचा फासा टाकायला मिळतो, त्यामुळे विलच्या मागोमाग तुमच्या दोघांचा टर्न असेल तेव्हाच हे करा. मध्ये रॅग्झलिनचाच टर्न येत असेल तर एक फेरी थांबा. आणि त्याने फासा जिंकला तर स्लॉट गेला, तेव्हा विलच्या हाती एवढा एकच डाव ठेवून दालनात शिरू नका. ब्लास्ट आहेच.

कार्लाकला हातघाईतून थोडं बाहेर काढा. बार्बेरियनला तिसऱ्या लेव्हलला बर्सर्कर ही शाखा घेतली असेल तर तिला संतापात असताना बोनस ॲक्शनमध्ये वस्तू फेकून मारता येते, आणि फेकलेली वस्तू लागली की शत्रू आडवा पडतो. चौथ्या लेव्हलची फीट (निवडायचं खास कौशल्य) अजून तुमच्या हातात असेल तर टॅव्हर्न ब्रॉलर घ्या: फेकीच्या नेमात आणि माराच्या आकड्यात ताकदीचा बोनस दुप्पट धरला जातो. गॉब्लिन कॅम्पमध्येच ग्रॅट नावाचा गॉब्लिन व्यापारी आहे, त्याच्याकडे फेकल्यावर हातात परत येणारा भाला मिळतो. लढाई पेटायच्या आधी तो विकत घ्या, नंतर दुकानदार जिवंत असेलच असं नाही. अठरा मीटरपर्यंत मारणारी, लागेल त्याला लोळवणारी बार्बेरियन हातात असताना "लांबून मारणारा हवा म्हणून तिरंदाज घ्या" या सल्ल्याची गरजच उरत नाही.

दालनात शिरण्याआधी लाँग रेस्ट घ्या. नवे खेळाडू ती टाळतात, कारण गेम पहिल्या तासातच घाबरवतो की डोक्यात शिरलेली अळी तुम्हाला थोड्याच दिवसांत राक्षस करणार. ते घड्याळ खरं नाही. काही मोजक्या ठिकाणी वेळ खरंच निघून जाते, उदाहरणार्थ वॉकीन्स रेस्टची जळती सराई, ती पेटलेली बघितली की झोपायला जाऊ नका. एरवी चाळीस रसदीवर रात्र निघते आणि या भागात खायला रग्गड सापडतं. न झोपणाऱ्यांचं दुसरं नुकसान मोठं आहे: सोबत्यांच्या गोष्टी कॅम्पवर रात्री पुढे सरकतात. लेझेल आणि शॅडोहार्ट एकमेकींच्या जिवावर उठतात तो प्रसंगही रात्रीचाच. जे झोपत नाहीत त्यांच्याकडून तो सुटून जाऊ शकतो, आणि मग ते म्हणतात की या दोघींत काही नाट्यच नाही.

गॉब्लिनांच्या कैदेतल्या हॅल्सिनला आधी सोडवा. अस्वलाच्या रूपात तो पिंजऱ्यात आहे, आणि सुटल्यावर गॉब्लिनांच्या तिन्ही म्होरक्यांना मारायला तो तुमच्या बाजूने लढतो. चारांची मर्यादा त्याला लागू नाही. फुकट मिळालेला पाचवा गडी, तोही अस्वल. त्यांच्यातल्या गट नावाच्या पुजारिणीला बोलण्यात गुंतवून तिच्या खोलीत एकटं गाठता येतं, तिला आधी उरका. रॅग्झलिनला शेवटी ठेवा. त्याच्या दालनाच्या वर तुळया आहेत, विलला तिथे चढवा: उंचावरून मारलं की नेमात दोनची भर, खालून वर मारणाऱ्याला दोनची तूट. तब्बल चार आकड्यांचा फरक एका शिडीत मिळतो.

विदर्सबद्दल सांगायलाच हवं, कारण सोबत्यांची निवड त्याच्यामुळे सोपी होते. कॅम्पवर येणारा तो सुकलेला म्हातारा शंभर सोन्याच्या नाण्यांत कोणाचाही क्लास मुळापासून बदलून देतो. शॅडोहार्ट ट्रिकरी शाखेची पुजारीण आहे, तिला लाइट डोमेन (शाखा) दिलं की तिसऱ्या लेव्हलला स्कॉर्चिंग रे आणि पाचव्या लेव्हलला चक्क फायरबॉल येतो. म्हणजे "जादूगार नाही" ही तुमच्या मित्रांची तक्रार शंभर नाण्यांत मिटते. गोष्टीत ती शार देवीचीच भक्त राहते, संवाद बदलत नाहीत. जन्म आणि भूतकाळ तेवढा विदर्सला बदलता येत नाही. म्हणून माझा नियम असा: माणूस गोष्टीसाठी निवडायचा, क्लास लढाईसाठी. आवडत नसलेलं पात्र केवळ त्याच्या क्लाससाठी वागवणं ही शुद्ध खोगीरभरती. विदर्स भाड्याने माणसंही देतो, पण त्यांना तोंड नाही. पन्नास-शंभर तास मुक्यांसोबत हिंडण्यात काय मजा?

गेलला मात्र पाचव्या लेव्हलनंतर एकदा घेऊन बघा. तुमच्या पार्टीत दोन-तीन जण कायम शत्रूच्या गळ्यात पडलेले असतात, आणि शॅडोहार्टचा फायरबॉल आपलं-परकं बघत नाही. गेल इव्होकेशन शाखेचा जादूगार झाला तर त्या शाखेच्या स्पेल्समधून आपली माणसं सुरक्षित राहतात. पॅलाडिन आणि कार्लाक मध्ये उभे, भोवती सहा शत्रू, आणि वरून फायरबॉल; जळतात ते फक्त सहा. तोवर तो तुमच्याकडे जादूच्या वस्तू खायला मागेल, त्या द्या. उगाच चिकटपणा केलात तर तो निघून जाईल.

कॅम्पवर बसवलेले मागे पडत नाहीत. अनुभवाचे गुण सगळ्यांना सारखे मिळतात, लेझेल परत येईल तेव्हा ती तुमच्याच लेव्हलला असेल. मागे पडतं ते नातं. तुम्ही एखाद्याला वाचवलंत, एखाद्याला लुबाडलंत, त्यावर मत बहुतेक वेळा सोबत असलेलेच देतात. पॅलाडिनच्या सरळमार्गी वागण्यावर विल आणि कार्लाक खूश होत राहतील, लेझेल नाक मुरडेल. मला तरी सगळे एकमताचे असलेली पार्टी अळणी वाटते. म्हणून लेझेलला फार काळ दूर ठेवू नका. माउंटन पासकडे निघालात की तिला नक्की घ्या. तिथे तिच्या लोकांचं ठाणं आहे आणि तिच्याविना ते ठाणं म्हणजे नुसती आणखी एक लढाई. दुसऱ्या अंकात शारच्या मंदिरात शॅडोहार्टला नेल्याशिवाय जाऊ नका, तिथे तिला वगळणं फार महागात पडतं. शहरात पोचल्यावर ॲस्टारियनचा जुना धनी, कार्लाकला विकणारा माणूस, विलचा बाप, प्रत्येकाचं येणंजाणं आहे, तेव्हा त्या त्या दिवशी त्या त्या माणसाला घ्या. आणि मिन्स्क हा सोबती हवा असेल तर त्याच्या आधी भेटणारी सोबतीण जाहीरा जिवंत आणि पार्टीत हवी, तिला लास्ट लाइट सराईत सांभाळा.

२०१० च्या मास इफेक्ट २ मध्ये याच्या उलट होतं, म्हणून तिथून आलेले खेळाडू इथे उगाच धास्तावतात. तिथल्या शेवटच्या मोहिमेत दोघांना पुढे न्यायचं आणि बाकीच्यांनी पिछाडी सांभाळायची. ग्रंट आणि गॅरससारखे दणकट दोघे पुढे नेले तर मागे मॉर्डिनसारखा शास्त्रज्ञ उरायचा आणि तोच मरायचा. तिथे बाकावर कोण राहिलं याचाही हिशेब होता. इथे कॅम्पवरचे शेकोटीशी बसून सूप पितात.

कार्लाक आणि विल एकत्र घेण्याबद्दल एक सूचना. विल तिलाच मारायला निघालेला आहे हे तुम्हाला कळेल. घाबरू नका, बोलून मिटतं आणि दोघेही राहतात. मात्र विलला त्याची किंमत मोजावी लागते, ती कशी ते कॅम्पवर एका रात्री दिसेल. त्यानंतर ग्रोव्ह या जंगलातल्या वस्तीतल्या लोकांशी बोलून या.